बिस्किटाच्या पुड्यामागील बारीक अक्षरे

मागच्या पावसाळ्यातील गोष्ट. आठवडे बाजाराचा दिवस असल्याने दवाखान्यात गर्दी होती. एक तरुण आई चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आत आली. मुलीला तपासण्याआधीच तिने पिशवीतून बिस्किटाचा रिकामा पुडा काढून टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात विचारले, "डॉक्टर, ह्याच्यात डुकराची चरबी असते म्हणतात, खरं का? मोबाइलवर आलंय. ४७१ नंबर असला की समजायचं, असं लिहिलंय."

मी चष्मा चढवून पुडा उलटा केला. यादीत ४७१ हा आकडा खरोखरच होता. तो एका स्निग्ध घटकाचा क्रमांक आहे. पीठ, पाणी आणि तेल एकजीव राहावे म्हणून हा घटक वापरतात. तो प्राण्यांच्या चरबीपासून बनू शकतो, तसाच वनस्पती तेलापासूनही बनतो. कशापासून बनला हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. पण त्याच पुड्यावर हिरव्या चौकोनातील हिरवा ठिपका होता. ज्या पदार्थात प्राणिजन्य घटक (दूध, मध वगळता) आहे, त्यावर ही खूण छापण्यास आपल्याकडील कायद्याने मनाई आहे. तिला तो ठिपका दाखवला. तिची शंका फिटली.

माझी मात्र तेथून सुरू झाली. मुलीची खालची पापणी ओढून पाहिली, तर आतला भाग पांढुरका. तळहातही फिके. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.४ निघाले. या वयात ते किमान ११ तरी असायला हवे.

"काय काय खाते ही?"

"काहीच खात नाही बघा. भाकरीला तोंड लावत नाही. बिस्किटावरच राहते. सकाळी चहात बुडवून एक पुडा, दुपारी एक."

मी जरा रागावूनच म्हणालो, "अहो ताई, एवढ्या लहान मुलीला दिवसाला दोन पुडे?"

ती गोंधळली. मग म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं ना डॉक्टर, मागं ताप आला होता तेव्हा. चहा-बिस्किट द्या म्हणून."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तिचे खरे होते. "तापात खायला काय देऊ?" या प्रश्नाला, चिठ्ठी लिहिता लिहिता, मान वर न करता "चहा-बिस्किट द्या, दूध-बिस्किट द्या" असे उत्तर मी गेल्या २८ वर्षांत किती हजार वेळा दिले असेल याची गणती नाही. ते चार दिवसांपुरते होते. पण थांबवायचे केव्हा, हे मी कधीच सांगितले नाही. डॉक्टरांनी सांगितले म्हणजे ते पथ्याचे, असे लोकांनी धरले तर त्यांचे काय चुकले? म्हणून वाचकहो, आजचा हा लेख थोडा माझ्या प्रायश्चित्ताचाही आहे.

पहिली तीन नावे

बिस्किटाच्या पुड्याची दर्शनी बाजू विकण्यासाठी असते आणि मागची बाजू वाचण्यासाठी. मागे अगदी बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. तिचा एक नियम लक्षात ठेवावा. जो घटक वजनाने सर्वात जास्त, त्याचे नाव पहिले. मग उतरत्या क्रमाने बाकीचे. त्यामुळे पहिली तीन नावे वाचली की पुड्याचा स्वभाव कळतो. बाजारातील बहुतेक बिस्किटांत ही तीन नावे ठरलेली असतात. मैदा, साखर आणि पामतेल.

मैदा म्हणजे गव्हाचा कोंडा व अंकुर काढून उरलेले पीठ. कोंड्याबरोबर चोथाही जातो. १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो, ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास, तर मैद्यात जेमतेम ३ ग्रॅम. चोथा कमी म्हणजे पोट साफ न होण्याची तक्रार आली, आणि पीठ लवकर पचून रक्तातील साखर भराभर वाढणेही आले.

साखर ही यादीत एकाच नावाने येत नाही. "साखर" लिहून झाल्यावर पुढे "इन्व्हर्ट सिरप", "लिक्विड ग्लुकोज", "माल्टोडेक्स्ट्रिन" अशी नावे दिसतात. इन्व्हर्ट सिरप म्हणजे साखर फोडून केलेला पाक. लिक्विड ग्लुकोज हाही गोड पाकच, तर माल्टोडेक्स्ट्रिन ही पिठापासून केलेली, पोटात गेल्यावर झटकन ग्लुकोज होणारी पूड. एकच कुटुंब, पण वेगवेगळ्या नावांनी विभागल्यामुळे प्रत्येक जण यादीत खाली जाऊन बसतो. वाचताना यांची बेरीज मनातल्या मनात करावी.

तिसरे पामतेल. ते स्वस्त असते, लवकर खवट होत नाही आणि नेहमीच्या तापमानाला थोडे घट्ट राहते. बिस्किट खुसखुशीत होण्यासाठी असेच तेल लागते. पण जे तेल घट्ट राहते, त्यात संपृक्त स्निग्धांश जास्त असतो. पामतेलात तो जवळजवळ निम्मा असतो, आपल्या शेंगदाणा तेलात साधारण पाचवा हिस्सा. संपृक्त स्निग्धांश रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. महिन्यातून एखाद्या वेळी खाल्ले तर काही बिघडत नाही. रोज दोन वेळा खाणाऱ्याने, विशेषतः हृदयविकार झालेल्याने, याचा विचार करावा.

एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. पूर्वी बिस्किटांत वनस्पती तूप सर्रास वापरले जाई आणि त्यातून ट्रान्स फॅट नावाचा स्निग्धांश पोटात जाई. तो संपृक्त स्निग्धांशापेक्षाही हृदयाला घातक. भारतात तेला-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के व १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यात आली आणि ती तयार खाद्यपदार्थांतील स्निग्धांशालाही लागू झाली. म्हणजे कायद्याने एक धोका बराच कमी केला. उरलेले काम आपले आहे.

आकड्यांची भीती किती बाळगावी?

यादीच्या शेवटी येतात ते आकडे. लोक घाबरतात ते नेमके यांना. म्हणून त्यांची ओळख करून घेऊ.

५००(ii) म्हणजे आपल्या घरातला खाण्याचा सोडा. ५०३(ii) हा अमोनियाचा क्षार. भट्टीत तापला की त्याचा वायू होऊन उडून जातो आणि जाताना बिस्किट फुलवतो. ३२२ म्हणजे लेसिथिन. ते बहुधा सोयाबीनपासून काढतात. ३३० म्हणजे लिंबातले आम्ल. ४७१ चे वर सांगितलेच. ४७२(ई) हा त्याचाच भाऊबंद. ठरलेल्या प्रमाणात असताना यांपैकी कशानेही निरोगी माणसाला अपाय होत नाही.

दोन ठिकाणी मात्र थांबावे. पहिला आकडा २२३. हा गंधकाचा क्षार असून कणीक सैल पडावी म्हणून घालतात. दम्याच्या काही रुग्णांना गंधकाचे असे क्षार सोसत नाहीत, छाती भरून येते. अमुक बिस्किट खाल्ले की धाप लागते, असा अनुभव ज्यांना आहे त्यांनी हा आकडा पाहावा. "सल्फाइट" असा उल्लेख ॲलर्जीच्या सूचनेतही सापडतो. त्याच सूचनेत गहू, दूध, सोया यांचीही नावे असतात. ज्या मुलांना गव्हातील ग्लुटेन चालत नाही त्यांच्या पालकांनी ती ओळ कधीही चुकवू नये.

दुसरे म्हणजे रंग. १०२, ११० आणि १२२ हे कृत्रिम रंग. क्रीमच्या बिस्किटांतील पिवळ्या, नारिंगी वा लाल क्रीममध्ये ते असू शकतात. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. असे काही रंग आणि सोडियम बेंझोएट एकत्र घेतल्यावर काही मुलांत चंचलपणा वाढल्याचे त्यात दिसले. त्यानंतर २०१० पासून युरोपात या रंगांच्या पदार्थांवर तशी सूचना छापणे सक्तीचे झाले. आपल्याकडे हे रंग मर्यादित प्रमाणात चालतात. मुलाला बिस्किट द्यायचेच असेल तर बिनरंगाचे द्यावे, एवढा साधा मार्ग आहे.

थोडक्यात, ज्यांची आपल्याला भीती वाटते ते आकडे यादीच्या शेपटाला असतात. त्यांचे वजन चिमूटभर. ज्यांची भीती वाटत नाही ते मैदा, साखर आणि तेल यादीच्या डोक्यावर बसलेले असतात. पुड्याचे बहुतेक वजन त्यांचेच.

आबांचा हिशेब

आमच्या दवाखान्यात नियमित येणारे एक आबा आहेत. मधुमेह बारा वर्षांचा. चहा बिनसाखरेचा, गोड पूर्ण बंद, जेवणात तीन पोळ्यांच्या दोन केल्या. तरी साखर उतरेना. गोळ्या वाढवण्याआधी मी त्यांना दिवसभराचे खाणे विचारले. सकाळच्या चहाबरोबर सहा मारी बिस्किटे, संध्याकाळी सहा. "मारी हलकं असतं ना डॉक्टर, म्हणून तेवढंच घेतो."

आम्ही दोघांनी मिळून हिशेब केला. मारीचे एक बिस्किट साधारण साडेपाच ग्रॅमचे. बारा बिस्किटे म्हणजे ६५ ग्रॅमच्या आसपास. त्यातून मिळाल्या सुमारे २९० कॅलरी. साखर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे. एकूण पिष्टमय पदार्थ ५० ग्रॅम, म्हणजे लहान अडीच पोळ्यांइतके. ताटातली एक पोळी कमी केली आणि कपबशीत अडीच आल्या! आबा कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहत बसले. गोळी वाढवली नाही, बिस्किटे दोनावर आणली आणि बाकीच्या जागी मूठभर फुटाणे सांगितले. साखर उतरू लागली.

मारी या नावात औषधी असे काही नाही. १८७४ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्राचे रशियाच्या राजकन्येशी लग्न झाले. तिचे नाव मारिया. त्या लग्नाच्या निमित्ताने लंडनच्या एका कारखान्याने हे बिस्किट काढले. नाव नवरीचे. त्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर साखर असते.

"डायजेस्टिव्ह" या नावाचेही असेच आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये, बिस्किटातला सोडा पचनाला मदत करतो अशा समजुतीतून ते नाव पडले. आज त्या नावाच्या बिस्किटांत कणीक व कोंडा थोडा जास्त असतो हे खरे. पण स्निग्धांश मारीपेक्षा साधारण दुप्पट असतो, १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास. पुढे "ओट्स", "नाचणी", "बदाम" असे मोठ्या अक्षरांत लिहिले असेल तर मागे त्या घटकापुढील टक्केवारी पाहावी. दर्शनी भागावर ज्या घटकाची जाहिरात केली त्याचे प्रमाण यादीत द्यावे लागते. पुष्कळदा बदामाचे चित्र पुड्याच्या निम्म्या भागावर आणि बदाम एक-दोन टक्के, असा प्रकार दिसतो.

क्रीमच्या बिस्किटांत १०० ग्रॅमला ३५ ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून अधिक साखर सापडते. म्हणजे एकतृतीयांश पुडा साखरेचाच. "शुगर फ्री" बिस्किटांत साखरेऐवजी माल्टिटॉलसारखे गोड पदार्थ असतात. ते जास्त खाल्ले तर पोट बिघडते, जुलाब होतात. तशी सूचना पुड्यावर असते, पण ती वाचतो कोण? आणि साखर काढली तरी मैदा तिथेच असतो. मधुमेह्याने हे बिस्किट मनसोक्त खावे असे मुळीच नाही.

रक्तदाबाच्या रुग्णांसाठी एक गोष्ट. बिस्किट गोड लागले तरी त्यात मीठ असते, आणि सोड्यातूनही सोडियम जाते. खारे बिस्किट तर उघडच खारे. पुड्यावरील "सोडियम" ही ओळ पाहावी.

मागच्या तक्त्यात आणखी एक गोम असते. तेथे दिवसाच्या गरजेपैकी किती टक्के, असा एक रकाना असतो. ते टक्के दोन-तीन बिस्किटांच्या एका वाटणीला धरून काढलेले असतात. आपण खातो पुडा. शिवाय तो हिशेब रोज २००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाचा असतो. चार वर्षांच्या मुलीला तो लागू नाही.

भूक एकच, ती कशाने भरायची?

आता पुन्हा त्या मुलीकडे येऊ. दोन लहान पुडे मिळून सुमारे १०० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ ४५० कॅलरी. तिच्या वयाला दिवसाला लागतात १३५० च्या आसपास. म्हणजे तिची एकतृतीयांश भूक बिस्किटांनीच भागत होती. वर चहातली साखर. मग दुपारी भाकरी समोर आली की भूक कुठून लागणार? आई म्हणते, "जेवत नाही म्हणून बिस्किट देते." मी म्हणतो, बिस्किट देता म्हणून ती जेवत नाही.

बिस्किट हे विष नाही, हे मी पुन्हा सांगतो. त्याचा खरा तोटा त्यात काय आहे यापेक्षा ते कोणाची जागा घेते यात आहे. त्याने भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडे यांची जागा घेतली. लोह, प्रथिने, चोथा हे सारे त्या जागेवरून उठले. काही पुड्यांवर लोह घातल्याचे लिहिलेले असते. पण ते बिस्किट चहात बुडवले की चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते आणि ते रक्तात पुरेसे शिरत नाही. लहान मुलांना चहा नको, हे आम्ही सांगतो त्याचे हे एक मोठे कारण आहे.

ही मुलगी एकटी नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील शंभर मुलांमागे ६७ मुले पंडुरोगी आढळली. त्याला कारणे अनेक आहेत, जंत आहेत, गरिबी आहे, आईचा पंडुरोग आहे. सगळा दोष बिस्किटावर ढकलणे बरोबर होणार नाही. पण ज्या घरात आधीच लोह कमी, तेथे रोजचे दोन पुडे परवडणारे नाहीत.

त्या आईचीही बाजू मला दिसते. पहाटे उठून स्वयंपाक करायचा आणि आठच्या आत मजुरीला निघायचे. मूल मागे म्हाताऱ्या सासूजवळ. पुडा पाच-दहा रुपयांत मिळतो, नासत नाही, मूल हातात धरून स्वतः खाते, रडत नाही. अशा बाईला "रोज ताजे पौष्टिक काहीतरी करा" असे सांगणे सोपे आहे. म्हणून आम्ही तिच्याच घरातल्या वस्तू मोजल्या. भाकरी होतीच. दुधात किंवा वरणात कुस्करून द्यायची. शेंगदाण्याचे कूट आणि थोडा गूळ. शेंगदाणे या वयात अख्खे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. एखादे केळे, राजगिऱ्याचा लाडू, जमेल त्या दिवशी उकडलेले अंडे. वरणावर लिंबू पिळायचे, त्याने लोह चांगले शोषले जाते. चहा बंद. बिस्किटे आठवड्यातून एकदा बाजाराच्या दिवशी दोन, तीही जेवण झाल्यावर. सोबत लोहाचे औषध व जंताची गोळी दिली.

काही वाचक म्हणतील, कारखान्याचे नको तर गावच्या बेकरीचे टोस्ट, खारी, नानकटाई चालेल ना? तेथेही घटक तेच, मैदा आणि वनस्पती तूप वा पामतेल. फरक एवढाच की सुट्या मालावर यादीच नसते. बेकरीवाला ओळखीचा असेल तर तूप कोणते वापरता हे त्याला जरूर विचारावे.

इतके करून पाहा

पुडा घेताना तो उलटा करावा आणि पहिली तीन नावे वाचावीत. मग १०० ग्रॅममधील साखर पाहून तिला पाचाने भागावे, म्हणजे चमचे कळतात. दोन वर्षांखालील मुलाला बिस्किट देऊच नये, त्या वयात वरून घातलेली साखर नकोच. मोठ्या मुलांना जेवणाआधी देऊ नये आणि रडणे थांबवण्यासाठी तर नाहीच. प्रौढांनी चहाबरोबर दोन घ्यावीत, पण पुडा पुन्हा डब्यात ठेवून मग बसावे. समोर राहिला की तो संपतो, हा माझाही अनुभव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. सणाच्या दिवसाची गोष्ट वेगळी, पण रोज सण नसतो.

ती मुलगी तीन महिन्यांनी आली तेव्हा हिमोग्लोबिन ११.१ झाले होते. श्रेय मुख्यतः औषधाचे, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण औषध पुढे बंद होईल, भाकरी चालू राहील. या वेळी ती आईच्या कडेवरून उतरून स्वतः चालत आत आली आणि माझ्या टेबलावरच्या वस्तू ओढू लागली. आईने तिला दटावले. मी म्हटले, ओढू द्या.

तेव्हापासून तापाच्या रुग्णाला मी चहा-बिस्किट सांगत नाही. भाताची पेज, मुगाची मऊ खिचडी, ज्वारीची आंबील असे सांगतो. कोणी हट्टाने विचारलेच, "बिस्किट चालेल का?" तर म्हणतो, चालेल, ताप आहे तोवर दोन. आणि एवढे सांगताना लिहिणे थांबवून मान वर करतो.